पाद्र्याच्या घरांतील दोन मुली

गेल्या श्रावणांतील एका रविवारची गोष्ट. पावसानें सकाळपासून उसंत दिली नव्हती. आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही सात-आठ मंडळी जमलों होतों. पोह्यांचा समाचार घेऊन झाल्यावर यजमानांच्या चिरंजीवांनीं दिवाणखान्यांतील पडद्यावर एक जुना जर्मन चित्रपट लाविला. चिरंजीवांना या विषयाचा व्यासंग आहे. बाकीच्यांना तो असो वा नसो, पाऊस थांबेपर्यंत कोणाची सुटका नव्हती हें उघड होतें. यजमानांच्या मातुश्री, ज्यांना आम्ही सर्वच काकू म्हणतों, तबकांत कापूस घेऊन फुलवाती करीत एका बाजूस बसल्या होत्या. जर्मन भाषा आमच्यापैकीं कोणासच येत नव्हती. पडद्याच्या तळाशीं उमटणारीं इंग्रजी वाक्यें नातू आजीला मराठींत सांगत होता. निम्मा चित्रपट झाला असेल-नसेल, तोंच काकूंचे हात थांबले आणि त्यांनीं विचारलें, “कां रे, हिच्या आईला हें केव्हां कळलें?”

नातवाला उत्तर सुचलें नाहीं. आम्हांलाही सुचलें नाहीं. चित्रपट पुढें चालू राहिला आणि काकू पुन्हां वाती करूं लागल्या.

त्या प्रश्नानें मात्र माझा पिच्छा सोडला नाहीं. त्यानंतर त्याच घटनांवरील आणखी कांहीं चित्रपट मीं पाहिले, कांहीं ग्रंथ चाळले. एखाद्या सुसंस्कृत घरांतलें मूल आपल्याच देशांत बाँब ठेवावयास आणि माणसें मारावयास कसें सिद्ध होतें, हें पडद्यावर दाखवितां येतें कीं नाहीं, याविषयीं जें मनांत आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

चित्रपटाचें मूळ नांव ‘डी ब्लायेर्ने त्साइट’. शिशाप्रमाणें जड आणि करडा झालेला काळ, असा त्याचा भाव. हे शब्द हॉल्डरलिन या जर्मन कवीच्या एका कवितेंतून घेतलेले आहेत. दिग्दर्शिका मार्गारेटे फॉन त्रोत्ता या विदुषीला या कृतीबद्दल १९८१ सालीं व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवांत ‘सुवर्णसिंह’ हें सर्वोच्च पारितोषिक मिळालें. कथा दोन बहिणींची आहे. थोरली युलियाने एका स्त्रियांच्या नियतकालिकांत काम करते. धाकटी मारियाने नवऱ्याला आणि मुलाला टाकून भूमिगत झाली आहे. नांवें बदललेलीं असलीं तरी मारियाने म्हणजे गुड्रून एन्स्लिन, हें जर्मनींत ओळखावयास कोणास वेळ लागला नाहीं. ‘रेड आर्मी फॅक्शन’ या नांवानें १९७० सालीं उभ्या राहिलेल्या आणि १९९८ सालीं स्वतःचें विसर्जन जाहीर करणाऱ्या दहशतवादी गटाच्या संस्थापकांपैकीं ती एक. या गटानें तीसहून अधिक माणसांचे प्राण घेतले.

आतां या मुलीचें घर पाहा. गुड्रूनचा जन्म १५ ऑगस्ट १९४० रोजीं दक्षिण जर्मनींतील बार्थोलोमे नांवाच्या खेड्यांत झाला. वडील हेल्मुट एन्स्लिन हे प्रॉटेस्टंट पंथाचे पाद्री. सात भावंडांतील ही चौथी. आपल्याकडील एखाद्या व्युत्पन्न शास्त्रीबुवांचें किंवा जुन्या हेडमास्तरांचें घर डोळ्यांपुढें आणिलें, म्हणजे या घराची कल्पना येईल. प्रार्थना, पुस्तकें आणि जगांतील न्याय-अन्यायाची चर्चा, या तीन गोष्टींवर तें घर उभें होतें. मुलगी हुषार. चर्चच्या मुलींच्या मंडळांत ती बायबलाचे पाठ घेई. एक वर्ष अमेरिकेंत, पेन्सिल्व्हेनियांतील वॉरेन या गांवीं, शिकून आली. पुढें ट्युबिंगेनच्या विद्यापीठांत तिला बेर्नवार्ड फेस्पर भेटला. त्याचा बाप विल फेस्पर हा नाझी राजवटीचे गोडवे गाणारा कवि होता. या दोघांनीं मिळून एक लहानशी प्रकाशनसंस्था काढली आणि १९६४ सालीं अणुबाँबच्या निषेधार्थ जर्मन साहित्यिकांच्या लेखनाचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्याचें नांव ‘मृत्यूच्या विरोधांत’! नियतीला विनोदाची आवड आहे असें म्हणतात. पण हा विनोद कोणास हंसूं आणील असें वाटत नाहीं.

तिला गुणवान विद्यार्थ्यांसाठीं असलेली राष्ट्रीय शिष्यवृत्ति मिळाली, आणि बर्लिनला जाऊन ती डॉक्टरेटच्या प्रबंधास लागली. १९६५ च्या निवडणुकींत तिनें सोशल डेमोक्रॅटिक पक्षासाठीं काम केलें. दुसऱ्याच वर्षीं तो पक्ष प्रतिपक्षाशीं संगनमत करून सत्तेंत बसला, आणि पंतप्रधानपदीं आले ते किझिंगर, एके काळचे नाझी पक्षाचे सभासद. मग २ जून १९६७ ची रात्र आली. इराणचे शहा पश्चिम बर्लिनमध्यें ऑपेरा पाहावयास आले असतांना बाहेर निदर्शनें झालीं, आणि बेनो ओनेझोर्ग नांवाचा सव्वीस वर्षांचा विद्यार्थी कार्ल-हाइन्झ कुरास या पोलिसाच्या गोळीनें मेला. त्याची पत्नी गरोदर होती. न्यायालयानें कुरास यास निर्दोष ठरविलें. (हा कुरास पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा हस्तक होता हें २००९ सालीं उघडकीस आलें, परंतु तेव्हां उपयोग काय?) त्या रात्रीं गुड्रूनचें मूल अवघें तीन आठवड्यांचें होतें.

एका वर्षाच्या आंत, २ एप्रिल १९६८ च्या रात्रीं, तिनें आंद्रेआस बाडर आणि आणखी दोघे यांच्यासह फ्रांकफुर्टच्या दोन मोठ्या दुकानांना आग लाविली. व्हिएतनामच्या युद्धाचा निषेध म्हणून. माणूस कोणी दगावलें नाहीं. त्यानंतर शिक्षा, तात्पुरती सुटका, पलायन, बँकांवर दरोडे. आणि १९७२ च्या मे महिन्यांत बाँबस्फोट, ज्यांत चार अमेरिकन सैनिक मेले. जूनमध्यें हँबुर्गच्या एका कपड्यांच्या दुकानांत तिच्या कोटांतलें पिस्तूल विक्री करणाऱ्या बाईच्या लक्षांत आलें आणि ती पकडली गेली. १९७७ च्या एप्रिलांत तिला जन्मठेपेची शिक्षा झाली. त्याच वर्षीं १८ ऑक्टोबर रोजीं श्टुटगार्टच्या तुरुंगांत ती फांसानें मेलेली आढळली. बाडर आणि आणखी एक सोबती त्याच रात्रीं मेले. सरकारी चौकशीनें ती आत्महत्या ठरविली. थोरल्या बहिणीला, ख्रिस्तियानेला, तें मान्य झालें नाहीं.

हा झाला इतिहास. पण चरित्राच्या या सनावळींत काकूंच्या प्रश्नाचें उत्तर कोठें आहे? बायबलाचे पाठ घेणाऱ्या मुलीपासून पिस्तूल बाळगणाऱ्या बाईपर्यंत जें स्थित्यंतर झालें, तें कोणत्या तारखेस झालें?

येथेंच चित्रपटाची खरी अडचण आहे. नाटककाराला स्वगत आहे. कादंबरीकाराला तर पात्राच्या अंतःकरणांत बिऱ्हाड करून राहण्याची मुभा आहे. कॅमेऱ्याच्या यंत्राला मात्र जें दिसतें तेंच दिसतें. आणि माणसाचें मन बदलतांना बाहेरून कांहींच दिसत नाहीं. मनुष्य तेंच असतें, तेंच जेवतें, तसेंच हंसतें. मग दिग्दर्शक काय करतो? तो एखादी रात्र शोधतो. एक गोळी, एक प्रेत, एक संतापाची किंकाळी, आणि दुसऱ्या दिवशीं नायिका निराळी! प्रेक्षकांनाही हें सोयीचें वाटतें. कारण तशी रात्र आपल्या घरांत उगवलेली नाहीं, असें म्हणून घरीं जातां येतें. पण २ जूनच्या त्या रात्रीं रस्त्यावर हजारों विद्यार्थी होते. त्यांतले बहुतेक पुढें शिक्षक झाले, वकील झाले, संसारीं झाले. तीच गोळी सर्वांनीं पाहिली. बाँब मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनींच केले.

२००८ सालीं ‘डर बाडर माइन्होफ कोंप्लेक्स’ नांवाचा मोठ्या खर्चाचा चित्रपट निघाला. दिग्दर्शक उली एडेल; मार्टिना गेडेक, मोरित्झ ब्लाइब्ट्रॉय आणि योहाना वोकालेक यांच्या भूमिका. ऑस्कर पारितोषिकासाठीं त्याचें नामनिर्देशनही झालें. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांतील घटना त्यांत अडीच तासांत धांवत जातात: मोर्चे, लाठीमार, आगी, दरोडे, स्फोट, विमानाचें अपहरण. सारें बारकाव्यानिशीं उभें केलें आहे, आणि तरीही शेवटीं प्रेक्षकाच्या हातीं लागतें तें एखाद्या चोख हिशेबवहीसारखें. त्यांत एकच जागा अशी आहे कीं जेथें चित्रपट श्वास रोखून थांबतो. १४ मे १९७० रोजीं बर्लिनच्या एका ग्रंथालयांतून बाडरला बंदुकीच्या धाकानें सोडविण्यांत आलें, त्यांत उल्रिके माइन्होफ सामील होती. ही नामांकित पत्रकार, दोन जुळ्या मुलींची आई. गोळीबार होतो, संस्थेचा एक कर्मचारी घायाळ होऊन पडतो, सोबती खिडकीवाटे उड्या टाकून पळतात. ती एक क्षण उभी राहते, आणि मग तीही खिडकीबाहेर उडी घेते. खिडकीच्या आंत लेख, व्याख्यानें, मुली, घर. बाहेर भूमिगत जीवन. प्रतीक म्हणून दृश्य उत्तम आहे. पण खिडकीजवळ येईपर्यंतचा रस्ता कोठला, हें तें दृश्य सांगूं शकत नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्यांच्यावर पुढें इतके चित्रपट निघाले, त्यांतील कित्येक स्वतःच चित्रपटाच्या वाटेनें निघालेले होते. माइन्होफबाईंनीं अनाथ-उनाड मुलींच्या सुधारगृहावर ‘बांबुले’ नांवाचा दूरचित्रवाणी-चित्रपट लिहिला होता. तो २४ मे १९७० ला दाखविला जावयाचा होता. दहा दिवस आधीं लेखिकेनेंच खिडकींतून उडी टाकल्यामुळें तो रोखून धरण्यांत आला आणि थेट १९९४ सालीं लोकांना दिसला. होल्गर माइन्स हा तर बर्लिनच्या चित्रपट-विद्यालयाचा विद्यार्थी. १९६६ सालीं त्यानें ऑस्कर लांगेनफेल्ड या एका बेघर वृद्धावर एक लहानसा माहितीपट केला होता. गरिबाविषयींची कणव त्यांत चांगलीच दिसून येते. तोच माइन्स १९७४ च्या नोव्हेंबरांत तुरुंगांतील उपोषणांत मेला. गुड्रूननें स्वतः १९६७ सालीं एका प्रायोगिक लघुपटांत काम केलें होतें. २०१५ सालीं झां-गाब्रिएल पेरियो या फ्रेंच दिग्दर्शकानें असे सारे जुने तुकडे जोडून एक चित्रपट केला. त्यांत निवेदक नाहीं, नट नाहींत. माइन्होफबाई दूरचित्रवाणीवरील चर्चांत अतिशय सौम्य आवाजांत, वाक्य पूर्ण करून, समोरच्याचें ऐकून घेऊन बोलतांना दिसतात. पुढें पुढें त्या समोरच्याचें ऐकेनाशा होतात. इतकेंच. माझ्या मतें त्या चित्रांत जितकें दिसतें तितकें अडीच तासांच्या स्फोटांत दिसत नाहीं.

आतां फॉन त्रोत्ताबाईंनीं काय केलें तें पाहूं. गुड्रूनच्या दफनाच्या वेळीं त्यांची आणि ख्रिस्तियानेची ओळख झाली. तो प्रसंगही लक्षांत ठेवण्याजोगा आहे. दहशतवाद्यांना सार्वजनिक दफनभूमींत जागा देऊं नये असा गिल्ला झाला असतां, श्टुटगार्टचे महापौर मान्फ्रेड रोमेल यांनीं मृत्यूबरोबर वैर संपलें पाहिजे असें म्हणून परवानगी दिली. हे रोमेल म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतील प्रसिद्ध सेनापतीचे चिरंजीव. त्या दफनाचें चित्रण ‘शरदांतील जर्मनी’ या १९७८ च्या सामुदायिक चित्रपटांत आहे, आणि त्यांत वृद्ध पाद्रीही दिसतात. त्या ओळखींतून हा चित्रपट जन्मला. म्हणून त्यांत बाँब नाहीं, दरोडा नाहीं, बाडर नाहीं. जी मागें राहिली त्या बहिणीच्या डोळ्यांनींच सारें पाहावयाचें. मारियानेच्या मनांत काय चालतें हें युलियानेला ठाऊक नाहीं, म्हणून तें आपल्यालाही ठाऊक होत नाहीं. आणि घरच्या माणसांची स्थिति नेहमीं हीच असते.

एके रात्रीं तीनच्या सुमारास मारियाने दोन साथीदारांसह बहिणीच्या घरांत शिरते. स्वैंपाकघरांत कॉफी करावयास सांगते. बहिणीच्या कपाटांतले कपडे काढून पाहते आणि नको ते जमिनीवर फेकते. बस्स. यांत रक्ताचा थेंब नाहीं. पण बहिणीच्या कपाटाकडे पाहण्याची ती नजर! ज्या घरांत आपण दुसऱ्याच्या वस्तूला न विचारतां हात लावूं नये असें शिकलों, त्याच घरांतल्या मुलीनें कपडे फेकतांना एका क्षणाचाही संकोच न करावा, यांत जें घडून गेलें आहे तें सारें येतें. काकूंनीं प्रश्न विचारला तो याच दृश्यानंतर.

पुढें तुरुंगांतल्या भेटी. आधीं झडती, मग मेजाच्या दोन बाजूंस दोघी, पहारेकरी कानोसा घेत बसलेले. दोघी भांडतात, राजकारणावर कमी, लहानपणावर अधिक. एका भेटींत अंगांतले स्वेटर त्या चटकन् बदलून घेतात आणि धाकटीच्या अंगाची ऊब लेवून थोरली घरीं येते. नंतर मध्यें जाड कांच येते. त्या कांचेंत एकीच्या चेहऱ्यावर दुसरीचें प्रतिबिंब पडून दोन चेहऱ्यांचा एक होतो. युट्टा लांपे आणि बार्बारा सुकोवा या दोन नटींनीं हीं दृश्यें ज्या संयमानें वठविलीं आहेत, तो पाहून आपल्याकडील अभिनयाच्या आतषबाजीची मनांतल्या मनांत तुलना झाल्यावांचून राहत नाहीं.

परंतु चित्रपटाचें मर्म लहानपणच्या स्मृतींत आहे. भिंतीवर क्रूसावरील ख्रिस्ताचें भयंकर चित्र, करड्या आवाजाचे वडील. थोरली युलियाने बंडखोर. शाळेंत मुलींना न शोभणारी विजार घालून जाते, बाईंशीं हुज्जत घालते, नृत्याच्या समारंभांत पैजेवर एकटीच नाचते. धाकटी मारियाने मात्र आज्ञाधारक. वडील रागावले तर त्यांची समजूत घालणारी, त्यांच्या मांडीवर बसणारी लाडकी. त्या घरांत येणाऱ्या कोणाही पाहुण्यास विचारलें असतें कीं यांतली कोणती मुलगी पुढें वाईट मार्गास लागेल, तर त्यानें निःशंकपणें थोरलीकडे बोट केलें असतें.

एके संध्याकाळीं पाद्रीसाहेब तरुण मंडळींना अ‍ॅलें रेने याचा १९५५ सालचा ‘रात्र आणि धुकें’ हा माहितीपट दाखवितात. नाझींच्या छळछावण्यांचीं तीं चित्रें, प्रेतांच्या राशी. दोघी बहिणी बाहेर जाऊन ओकतात. एकच घर, एकच बाप, एकच चित्रपट, एकच मळमळ. पुढें व्हिएतनाममध्यें भाजून निघालेल्या माणसांचीं चित्रें पाहून धाकटी म्हणते कीं याविरुद्ध कांहींच केलें जात नाहीं हें मी कधींही सहन करणार नाहीं. वाक्य किती चांगलें आहे! आपल्या मुलीनें असें म्हटलें तर आपण शेजाऱ्यांना कौतुकानें सांगूं. ‘तेव्हां तुम्हीं काय केलेंत?’ हा प्रश्न त्या पिढीच्या मुलांनीं आईबापांना विचारला आणि त्यांस समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं, हें खरें आहे. मुलीची सदसद्विवेकबुद्धि मेली म्हणून ती बिघडली, असें फॉन त्रोत्ताबाई म्हणत नाहींत. ती बुद्धि जागीच होती. फक्त तिला माणसें दिसेनाशीं झालीं. बंडखोर थोरलीनें घरांत रोज थोडथोडें भांडून घेतलें होतें. धाकटीनें सारें सांठवून ठेविलें. हें माझें अनुमान आहे. चित्रपट तितकेंही स्पष्ट बोलत नाहीं, आणि तें त्याचें भूषण आहे.

एक दोष मात्र मला सलतो, आणि तो लहान नाहीं. या चित्रपटांत मेलेलीं माणसें कोठेंच नाहींत. मारियानेच्या गटानें कोणास मारलें, त्यांच्या घरीं त्या रात्रीं काय झालें, याविषयीं तो मूक आहे. बहिणीच्या दुःखाशीं आपण इतके एकरूप होतों कीं दुसरींही कांहीं घरें आहेत याचा विसर पडतो. ३० जुलै १९७७ रोजीं फ्रांकफुर्टजवळ ओबरउर्सेल येथें ड्रेस्डनर बँकेचे प्रमुख युर्गेन पोंटो यांच्या दारीं एक मुलगी गुलाबाचीं फुलें घेऊन आली. ती सुझाने आल्ब्रेख्ट. तिचे वडील पोंटोंचे जुने स्नेही. दोन्हीं घरांचा घरोबा असा कीं एकाची मुलगी दुसऱ्याची धर्मकन्या. म्हणून दार उघडलें गेलें. तिच्याबरोबरच्या दोघांनीं पोंटोंना त्यांच्याच घरांत गोळ्या घातल्या. २००८ च्या चित्रपटांत हा प्रसंग आहे; पण तो जसा दाखविला त्यानें व्यथित होऊन पोंटोंच्या वृद्ध पत्नीनें सरकारनें दिलेलें सन्मानपदक परत केलें आणि न्यायालयांत दादही मागितली. ती मिळाली नाहीं. पुढें २०११ सालीं पोंटोंची कन्या आणि सुझानेची धाकटी बहीण या दोघींनीं मिळून एक पुस्तक प्रसिद्ध केलें. मारलेल्याच्या घरची आणि मारणारीच्या घरची, अशा दोघी समोरासमोर बसून बोलतात! त्यावर कोणी चित्रपट काढील तर तो पाहावयास मी पावसांतून चालत जाईन.

हें सारें जर्मनीचें झालें. आपला त्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. योगायोग पाहा. १९६३ सालीं ‘नाइन अवर्स टु रामा’ हा इंग्रजी चित्रपट निघाला, स्टॅन्ली वोल्पर्ट यांच्या कादंबरीवरून. त्यांत नथुराम गोडशाची भूमिका केली ती होर्स्ट बुखोल्ट्झ या बर्लिनच्या नटानें. कादंबरी आणि चित्रपट या दोहोंवर आपल्या सरकारनें बंदी घातली. कलेच्या दृष्टीनें आपण फारसें गमावलें नाहीं. गांधीजींच्या मारेकऱ्याच्या मनाचा उलगडा व्हावा म्हणून पटकथाकारांनीं एक विफल प्रेमकथा त्याच्या गळ्यांत बांधली आहे. जणूं प्रेम सफल झालें असतें तर ३० जानेवारी १९४८ टळली असती! २००० सालीं कमल हासन यांनीं ‘हे राम’ काढला. तो कितीतरी अधिक गंभीर. त्यांतला साकेत राम हा तामिळ अय्यंगार ब्राह्मण, पुराणवस्तु-संशोधक. १९४६ च्या ऑगस्टांतील कलकत्त्याच्या दंगलींत त्याच्या पत्नीची विटंबना आणि हत्या होते, आणि तो सूडाच्या मार्गाला लागतो. त्याला गांधीवधाची दीक्षा देणारा श्रीराम अभ्यंकर आपला मराठी. अतुल कुलकर्णी यांना त्या भूमिकेबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. पण येथेंही पुन्हां तीच एक रात्र! ज्याच्या घरावर असा घाला आला, त्याचा संताप समजतो. ज्यांच्या घरावर तसा घाला आलेला नसतो, आणि जे चांगले शिकलेले, मितभाषी, आईबापांना मान देणारे असतात, त्यांचें काय?

नथुराम पुण्याचा संपादक होता. वर्तमानपत्र चालवीत होता. त्याच्या कृत्यानंतर महाराष्ट्रांत ब्राह्मणांचीं घरें जळलीं. ज्यांचा त्या खुनाशीं सुतराम संबंध नव्हता अशा कित्येक कुटुंबांना गांव सोडावें लागलें. हा अन्यायच होता. त्या जाळपोळीच्या कथा आमच्या घरांतून तीन पिढ्या सांगितल्या गेल्या. मींही आजोबांच्या तोंडून त्या ऐकल्या आहेत. पण त्या आधींच्या वर्षांत आमच्याच ओसऱ्यांवर, आमच्याच वाचनालयांतून काय बोललें जात होतें, कोणत्या वाक्यावर माना डोलत होत्या, हें मात्र मला कोणीं सांगितलें नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं. त्यावर मराठींत फॉन त्रोत्ताबाईंसारखा चित्रपट कोणीं काढला नाहीं. मारेकऱ्याची बाजू मांडणारें नाटक निघालें आणि गाजलें. पण बाजू मांडणें आणि घर दाखविणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आतां काकूंच्या प्रश्नाकडे वळतों. चित्रपटाच्या उत्तरार्धांत मारियाने मरते. युलियाने सारा उद्योग सोडून तिच्या मृत्यूचा छडा लावावयास लागते. बहिणीच्या वजनाचा पुतळा करून तो टांगून पाहते. या नादांत तिचा सोबतीही तिला दुरावतो. नवऱ्यानें मागेंच आत्महत्या केलेली. (गुड्रूनच्या मुलाचा बाप बेर्नवार्ड फेस्पर यानेंही १९७१ सालीं आत्महत्या केली.) मारियानेचा मुलगा कोणाचा मुलगा हें कळल्यावर कोणीतरी त्याला आगींत होरपळवितें. शेवटीं मावशी त्याला घरीं आणते. तो आईचें छायाचित्र टरटर फाडतो. तुझी आई असामान्य होती, असें मावशी सांगूं लागते. पोर म्हणतें कीं मला सगळें ऐकावयाचें आहे, सांग. आणि चित्रपट संपतो.

दिवे लागले. चिरंजीव छायाचित्रणाविषयीं कांहीं सांगूं लागले. काकू उठून देवघराकडे गेल्या.

पुढें ग्रंथ चाळतां चाळतां मला त्यांच्या प्रश्नाचें उत्तर सांपडलें. १९६८ सालीं आगीच्या खटल्याच्या सुमारास पाद्री एन्स्लिन आणि त्यांची पत्नी यांनीं मुलीविषयीं उघडपणें मत दिलें होतें. वडील म्हणाले, एरवीं इतका विचार करून वागणाऱ्या या मुलीला या कृत्यांत आत्मसाक्षात्काराचा, जवळजवळ पवित्र असा आनंद झालेला दिसतो, याचें आश्चर्य वाटतें. आणि आई म्हणाली कीं तिच्या कृत्यानें आमच्या घरांतही कांहींतरी मोकळें झालें असें मला वाटतें. दोघेही आगीचें समर्थन करीत नव्हते. सज्जन माणसें होतीं. तोंपर्यंत कोणी मेलेंही नव्हतें. म्हणजे आईला कळलें होतें. लौकर कळलें होतें. आणि जें कळलें त्यांत तिला एका क्षणापुरती कां होईना, स्वतःच्या जन्मभर दाबून ठेविलेल्या कशाची तरी सुटका दिसली होती.

गणपतीच्या दिवसांत त्या घरीं गेलों तेव्हां हें मीं काकूंना सांगितलें. त्या मोदकांचें सारण ढवळीत होत्या. ऐकून घेतलें, चूल मंद केली.

“मग ती तिला थांबवील कशी?” त्या म्हणाल्या; आणि थोड्या वेळानें, “त्या पोराला खरोखरीचें कोणीं वाढविलें रे?”

दुसऱ्या एका कुटुंबानें, मीं सांगितलें.

“बरें झालें,” म्हणून त्यांनीं वेलदोड्याची पूड मागितली.